फोम भरला म्हणजे फ्लोअर झाला?

आमच्या मेहुण्याने एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, 'दाजी, आता वेल्डिंगवाल्याची गरजच नाही.' त्याच्या जुन्या पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडलाय. मॅट उचलली की खालचा रस्ता दिसतो. व्हिडिओतला उपाय असा: गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा काळपट थर करणारं रसायन) मारा, भोकांत स्प्रे फोम भरा, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने बसवा, खालून काळं अंडरकोटिंग फासा. वर त्याचं म्हणणं असं की पिकअपची चॅसी वेगळी असते, त्यामुळे केबिनच्या फ्लोअरवर कसलाच भार नसतो. दहा वर्षं बघायला नको. व्हिडिओतला हा माणूस इतक्या आत्मविश्वासाने बोलतो की ऐकणाऱ्याला प्रश्न विचारायचीच लाज वाटावी. म्हणून मी विचारतो.

सुरुवात 'भार नसतो' या वाक्यापासून करू, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. यातलं अर्धं खरं आहे, तेही नाइलाजाने मान्य करतो. मोनोकॉक कारमध्ये, म्हणजे जिला वेगळी चॅसी नसते तिच्यात, फ्लोअर हाच गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो. शिडीसारखी चॅसी असलेल्या पिकअपमध्ये मालाचं ओझं ती चॅसी पेलते. फ्लोअरला भोक पडलं म्हणून गाडी मधून मोडणार नाही. पण मग सीट कशाला बोल्ट केलेली असते? हवेला? अनेक जुन्या पिकअपमध्ये सीटबेल्टचे खालचे बोल्टही त्याच पत्र्यात असतात. आणि केबिन चॅसीवर ज्या रबर माउंटिंगवर बसते, ती माउंटिंगही फ्लोअरच्या खालच्या अंगालाच असतात.

बेल्टच्या बोल्टांकडून किती अपेक्षा असते ते संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतल्या नियम क्र. १४ मध्ये लिहिलेलं आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीत तीन बिंदूंच्या बेल्टची चाचणी घेताना छातीवरच्या पट्ट्याला सुमारे १३,५०० न्यूटन आणि त्याच वेळी कमरेच्या पट्ट्यालाही तेवढीच ओढ देतात. म्हणजे प्रत्येकी जवळपास १,३७५ किलो वजन लटकवल्यासारखं. पत्रा वाकला, अगदी थोडा फाटला तरी नियमाला चालतं, पण ओढ टिकली पाहिजे. आता बोल्टच्या खाली कंपनीने वेल्ड केलेली जाड पट्टी असते. ती पट्टी बहुतेकदा शाबूत दिसते आणि तिच्या कडेने फ्लोअरचा पत्रा गोल सडत जातो. धडकेच्या वेळी बोल्ट तुटायची गरजच नाही. पट्टीसकट उपटून आत येईल. त्या सडलेल्या कडेभोवती फोम भरून काय होणार? फोम सगळं झाकून टाकतो, एवढंच होतं.

शिवाय तो पॉलियुरेथेनचा फोम. जळला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड सोडतो, आणि आपण तो बसवतोय कुठे, तर सायलेन्सरच्या पाइपच्या वर, सीटच्या खाली. फोम आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही. पुढे कधी कोणी तिथे प्रामाणिकपणे वेल्डिंग करायला बसला, तर पहिली ठिणगी फोमवरच पडणार. त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेलंही नसणार.

अ‍ॅल्युमिनियमला गंज लागत नाही, हे पालुपद व्हिडिओत पुन्हापुन्हा येतं. लाल गंज लागत नाही, बरोबर. पण लोखंडाला चिकटून बसलेलं अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात, त्यातून मिठाच्या पाण्यात, लोखंडाच्या आधी स्वतःच खलास होतं. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी दिसली की समजा, काम सुरू झालं.

कन्व्हर्टर खोटा नाही. फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन वरवरच्या गंजाशी संयोग पावून काळपट थर देतं. पत्रा शाबूत असेल तर उपयोगच आहे. पण भोकाला कन्व्हर्टर मारून लोखंड परत येत नाही. पापुद्रे तसेच ठेवून वर फासलेल्या काळ्या अंडरकोटिंगचंही तेच: आतला ओलावा आतच कोंडतो आणि गंज निवांत वाढतो. लोखंड गंजताना दुपटीहून जास्त जागा घेतं, म्हणून स्पॉट वेल्डच्या (ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड केलेल्या) दोन पत्र्यांची जोडणी फुगलेली दिसते. तिथे बाहेरून काहीही फासा, आत पोचत नाही.

खरं काम कंटाळवाणं आहे. मॅट, खालचं जाड मॅटिंग, सीट, सगळं बाहेर काढायचं. हातोडीने ठोकत जायचं: चांगला पत्रा टणक वाजतो, सडलेला बद्द. शंका आली तिथे जाड स्क्रूड्रायव्हर टोचायचा. भोक तळहाताएवढं दिसलं तरी कापावं लागतं त्याच्या कितीतरी पुढे, चकचकीत लोखंड लागेपर्यंत. मग तेवढ्याच जाडीचा, साधारण ०.९ ते १.२ मिलिमीटरचा पत्रा, अंतराअंतरावर टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टाके, मारत मिग वेल्डिंगने जोडायचा. सलग ओढलं तर तापून पत्रा लाटांसारखा वाकतो. बॅटरीची वायर आधी काढायची, फ्लोअरखालून इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते बघायचं. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंग करायचं नाही, कारण वेल्डिंगच्या आर्कमध्ये त्याचा फॉसजीन होतो, आणि तो विषारी वायू आहे. सपाट, मधल्या भागातला लहान पॅच चांगल्या एपॉक्सी गोंदाने चिकटवला तर मी भांडणार नाही. सीट, बेल्ट आणि केबिन माउंटिंगच्या आसपास मात्र वेल्डिंगच.

आणि दहा वर्षांची ती बात. फ्लोअर सडला कशाने, हे व्हिडिओत एकदाही विचारलेलं नाही. जुन्या पिकअपमध्ये पाणी बहुधा वरून येतं: काचेचं रबर, दाराचं रबर, वायपरखालच्या खोबणीत पाला अडकून तुंबलेली भोकं. हीटर असेल तर त्यातून गळणारा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रवही. तो हाताला बुळबुळीत लागतो. पत्र्याला हात लावण्याआधी एकाने टॉर्च घेऊन आत बसावं आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडावं. आधी दाराचा उंबरा, मग दाराच्या कडा, मग काच आणि शेवटी वायपरची खोबण. टपावरूनच सुरुवात केली तर पाणी सगळीकडून झिरपतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही.