सविताच्या नावाने एक मेणबत्ती

आज २८ ऑक्टोबर. दरवर्षी या दिवशी मी पवित्र मारियेसमोर सविता हलप्पनवारसाठी मेणबत्ती लावते. ती कॅथलिक नव्हती. मी आहे, म्हणूनच लावते.

सविता ३१ वर्षांची डेंटिस्ट. आईवडील बेळगावला, ती नवऱ्याबरोबर आयर्लंडमधल्या गॉलवेत. २०१२ च्या ऑक्टोबरात, सतराव्या आठवड्यात पाठ दुखायला लागली म्हणून हॉस्पिटलमध्ये गेली. मूल वाचणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं. मग गर्भपात करा, असं ती म्हणाली. पण बाळाचे ठोके चालू होते, आणि ठोके असेपर्यंत कायदा आड येत होता. हा कॅथलिक देश आहे, असं तिथल्या एका मिडवाइफने तिला सांगितलं. (वाईट हेतूने बोलले नव्हते, असं तिने नंतर चौकशीत सांगितलं. मला ते खरं वाटतं.) जंतुसंसर्गही वेळेत ओळखला गेला नाही. आठवड्याभरात सविता गेली.

माझा राग त्या मिडवाइफवर नाही. तो कायदा ज्यांनी आणला त्यांच्यावर आहे. १९८१ मध्ये निवडणूक तोंडावर असताना गर्भपातविरोधी गट आयर्लंडच्या दोन्ही मोठ्या पक्षांच्या नेत्यांकडे गेला. हॉही आणि फिट्झजेराल्ड, दोघांनीही घटनादुरुस्तीचा शब्द देऊन टाकला. पुढच्या दीड वर्षात तीन निवडणुका झाल्या, चर्चला जाणाऱ्यांची मतं दोघांनाही हवी होती. मसुदा संदिग्ध आहे, असं सरकारचे कायदा सल्लागार, अ‍ॅटर्नी जनरल सदरलँड यांनी बजावलं. फिट्झजेराल्ड यांनाही मग तो नकोसा झाला, पण तोवर गाडी सुटली होती. ७ सप्टेंबर १९८३ ला जनमत झालं आणि आईचा व पोटातल्या गर्भाचा जगण्याचा हक्क समान, असं वाक्य घटनेत गेलं. दोघांपैकी एकच वाचणार असेल तर डॉक्टरने काय करायचं, हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं.

आता माझ्या घरातली गोष्ट. वसईत माझ्या मावशीला पाचव्या महिन्यात असंच झालं होतं. पाणी गेलं, ताप चढला. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी पिशवी मोकळी केली. आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताला परवानगी देणारा कायदा आहे, त्यामुळे कुणाला विचारत बसावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी फादर घरी आले. काही विचारलं नाही, उपदेश केला नाही. मावशीचा हात धरून बराच वेळ बसले, मग म्हणाले, "बाळासाठी प्रार्थना करू या." मावशी तेव्हा पहिल्यांदा रडली. आज तिला दोन नातवंडं आहेत.

पोटातला जीव देवाचा आहे, हे मी मानते. आमच्या प्रार्थना गटातल्या बायका म्हणतात, मग तू गर्भपातबंदीच्या कायद्याच्या विरोधात कशी? मी त्यांना सांगते, जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर ठेवणारे आणि स्वतः बोटही न लावणारे येशूला कधीच आवडले नाहीत. बाईजवळ रात्रभर बसायला जो येणार नाही, त्याने तिच्या पोटावर मतं मागू नयेत.

अमेरिकेत तेच चाललंय. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर सही करणारे रेगन १९८० मध्ये गर्भपातविरोधी चर्चवाल्यांचे लाडके उमेदवार झाले. १९९९ मध्ये गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने बोलणारे ट्रम्प २०२० मध्ये गर्भपातविरोधी मोर्चाच्या व्यासपीठावर उभे होते. माणसाचं मत बदलू शकतं, माझंही बदललं आहे. पण दर वेळी मतपेटीच्या दिशेनेच कसं बदलतं?

२०१८ च्या मे महिन्यात आयर्लंडने ६६ टक्क्यांहून जास्त मतांनी ते वाक्य काढून टाकलं. सविताच्या आईवडिलांनी इथून तसं आवाहन केलं होतं. डब्लिनमध्ये एका भिंतीवर तिचं चित्र रंगवलं होतं, त्यावर लोक चिठ्ठ्या चिकटवून गेले. कितीतरी चिठ्ठ्यांवर एवढंच लिहिलं होतं, सॉरी. मत मागायला आलेल्यांपैकी कुणी तशी चिठ्ठी चिकटवली असेल का, हे मला अजून कळायचं आहे.