गजालींचं ॲप म्हणता, मग हे ऐका

गेले पंधरा दिवस एक मेसेज आमच्या एमआयडीसीतल्या झाडून सगळ्या ग्रुपवर फिरतोय, मला एकट्याला सहा जणांनी पाठवला. "मोठ्या कंपन्यांनी आपल्या माणसांसाठी आणलेली ती चॅटची, पोस्टची, ग्रुपची ॲप म्हणजे पगारी गजाली" (गजाली म्हणजे आमच्याकडच्या गप्पा) अशी सुरुवात आणि खाली पाच मुद्दे. एक, वेळ फुकट जातो. दोन, ईमेल फोन वॉट्सॲप असताना याची गरजच काय. तीन, शंभरातले नव्वद जण काही लिहीतच नाहीत म्हणजे फेल. चार, पैसे मिळाल्याशिवाय कोण आपली विद्या फुकट वाटणार. पाच, खुद्द फेसबुकवाल्यांनी असलं ॲप बंद केलं. आणि शेवटी "पटलं तर पुढे पाठवा". मला पटलं नाही म्हणून लिहितोय. मी १७ वर्षं इन्स्ट्रुमेंट मेंटेनन्सला आहे, लोट्याच्या पट्ट्यात, कंपनीचे आणखी चार प्लांट बाहेर आहेत, आणि असलं ॲप यायच्या आधीचं काम पण मी केलंय नंतरचं पण.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो कारण खरी मेख तिथंच आहे.

आमच्याकडे एका टाकीचा लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे टाकी किती भरलीय ते सांगणारं यंत्र, दर पावसाळ्यात वेड लावायचा. पहाटे रीडिंग आपोआप वर चढायचं, दहा वाजता ऊन पडलं की परत जागेवर. आम्ही ट्रान्समीटर बदलला, दोनदा कॅलिब्रेशन केलं, केबल मेगरने तपासली (इन्सुलेशन ठीक आहे का ते), ट्रान्समीटरच्या कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला मुंबईहून बोलावला, तो आला दुपारी तेव्हा सगळं ठणठणीत. दोन पावसाळे असेच गेले. तिसऱ्या वर्षी ॲपवर पाचही प्लांटचं मिळून एक उघडं चॅनेल झालं होतं तिथं मी जंक्शन बॉक्सचा, म्हणजे केबल जोडतात त्या पेटीचा, फोटो टाकला आणि चार ओळी लिहिल्या, तर तासाभरात गुजरातच्या प्लांटमधल्या एकाचं उत्तर आलं की केबल वरून आत घेतलीय ना, पाणी केबलवरून घरंगळत थेट आत जातंय, टर्मिनलवर ओल बसतेय, करंट गळतोय म्हणून रीडिंग चढतंय. एंट्री खालून घ्या, वरचं भोक प्लगने बंद करा आणि केबलला आत शिरायच्या आधी झोळ द्या म्हणजे पाणी झोळातून खाली टपकेल. अहो, घरच्या मीटरला येणाऱ्या वायरला आपण हेच करतो, पावळीचं पाणी वायरवरून मीटरात जाऊ नये म्हणून! पण प्लांटमध्ये कुणाच्या डोक्यात आलं नाही. अर्ध्या दिवसाचं काम, त्यानंतर तो ट्रान्समीटर पावसाळ्यात एकदाही बोलला नाही.

आता ऐका पुढचं. त्या गुजरातवाल्याने हेच सगळं आमच्याकडच्या एका सिनियरला तीन वर्षांपूर्वी ईमेलने कळवलं होतं. व्यवस्थित, फोटोसकट. ते साहेब रिटायर झाले, त्यांचं अकाउंट बंद झालं, उत्तर त्या डब्यात राहिलं. म्हणजे कंपनीला उत्तर माहीत होतं आणि तरी कंपनीने दोन पावसाळे मार खाल्ला. ईमेल वाईट नाही, एका माणसाला एक गोष्ट कळवायला चांगलाच आहे, पण तो दोघांतच राहतो. फोनचं तर त्याहून वाईट, ठेवला की संपला.

अँड्र्यू मॅकॅफी नावाच्या अभ्यासकाने २००६ साली हेच मांडलं, कंपन्यांमधल्या या सगळ्या प्रकाराला 'एंटरप्राइज २.०' हे नाव त्यानेच दिलं. त्याचं म्हणणं साधं होतं, ईमेल आणि मेसेंजर ही खाजगी नळी, यातून गेलेलं बाकीच्यांना दिसत नाही, आणि दुसरी असते ती उघडी जागा जिथं लिहिलेलं सगळ्यांना दिसतं आणि टिकतं. बस्, एवढाच फरक आहे, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमका हाच फरक बघितलेला नाही.

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाऊन यावं. माझ्या चुलतभावाची ट्रॉलर आहे तिथं. त्यांच्या वायरलेसवर दिवसभर बोलणं चालू असतं, तांडेल (बोट चालवणारा मुख्य माणूस) त्यातलं निम्मं ऐकतो न ऐकतो असं वाटतं, पण कुणाचं इंजिन तापतंय, कुठल्या बाजूला वारा उठलाय, कुणाच्या बोटीवर चांगला मेकॅनिक खलाशी आहे हे त्याला सगळं माहीत असतं, आणि यातलं एकही वाक्य त्याला उद्देशून बोललेलं नसतं. सोळा नंबरचं चॅनेल जगभर संकटासाठी राखून ठेवलंय ते पण याच कारणाने की ते सगळ्यांना ऐकू जावं. समजा प्रत्येक तांडेलाने फक्त ओळखीच्या दोघांना मोबाईल लावला असता तर? (आणि रेंज गेल्यावर तोही नाही.)

कानावर पडण्याचा हा फायदा मोजलेला पण आहे. पॉल लिओनार्डी या संशोधकाने एका मोठ्या वित्तीय कंपनीत दोन गट बघितले, एकाला सहा महिने अंतर्गत सोशल नेटवर्क दिलं, दुसऱ्याला नाही. ज्यांना दिलं त्यांची 'कुणाला काय येतं' याची माहिती ३१ टक्क्यांनी आणि 'कोण कुणाला ओळखतं' याची ८८ टक्क्यांनी जास्त अचूक झाली. दुसरा गट होता तिथंच राहिला. मोठ्या कंपनीत अर्धं दुखणं हेच तर असतं, उत्तर कुठंतरी असतं पण कुणाकडे आहे ते कळत नाही.

राहिलं वॉट्सॲप. एक तर आमच्यासारख्या केमिकल प्लांटच्या आत साधा मोबाईल नेताच येत नाही, गेटवर जमा. दुसरं, प्लांटचे फोटो न् ड्रॉइंग लोकांच्या खाजगी फोनमध्ये जाऊन बसतात आणि माणूस नोकरी सोडून गेला तरी ग्रुपवर तसाच असतो. आणि गेल्या जूनमधला पंपाचा विषय शोधायला बसा बघू एकदा, सुप्रभात आणि वाढदिवसांच्या ढिगाखालून.

आता वेळेचा मुद्दा. वेळ जातो हे मी नाकारत नाही, सुरुवातीला आमच्याकडे पण क्रिकेटवरच जास्त चालायचं. पण तुलना कशाशी करताय ते बघा. मॅकिन्झीच्या २०१२ च्या अहवालात डोक्याने काम करणाऱ्या माणसांच्या आठवड्याचा हिशोब मांडला होता, २८ टक्के वेळ ईमेल वाचण्यात आणि उत्तरं देण्यात, १९ टक्के माहिती शोधण्यात. म्हणजे जवळजवळ अर्धा आठवडा असाच जात होता आणि त्याला कुणी गजाली म्हणत नव्हतं कारण तो आउटलुकमध्ये, ईमेलच्या खिडकीत, जात होता! त्याच अहवालात सोशल साधनांनी उत्पादकता २० ते २५ टक्के वाढू शकते असंही आहे, पण तो अंदाज आहे, मोजलेलं नाही, त्यामुळे तो आकडा मी माझ्या बाजूने वापरणार नाही. माझ्या बाजूने माझे दोन पावसाळे पुरेसे आहेत.

आणि गजाली म्हणजे वाया गेलेला वेळ असं कोकणातला माणूस कसं काय लिहू शकतो हेच मला कळत नाही. कलमं कुणाकडून घ्यायची, विहिरीला पाणी कुठं लागलं, हे आपल्याला पडवीत बसूनच कळलेलं असतं ना.

तिसरा मुद्दा, नव्वद जण लिहीत नाहीत. बरोबर आहे, नाहीत लिहीत. जेकब नील्सनने २००६ सालीच लिहून ठेवलंय की ऑनलाइन जागांवर साधारण ९० टक्के नुसतं वाचतात, ९ अधूनमधून लिहितात आणि १ टक्का बहुतेक सगळं लिहितो. पण ते नव्वद जण वाचतात, त्याचं काय? माझ्या त्या झोळाच्या पोस्टवर फक्त तिघांनी लिहिलं. सहा महिन्यांनी दुसऱ्या प्लांटला गेलो तर तिथं सगळे जंक्शन बॉक्स खालून घेतलेले, आणि तिथल्या कुणीही पोस्टवर एक अक्षर टाकलेलं नव्हतं.

चौथा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो आमच्यासारख्या हाताने काम करणाऱ्यांबद्दल आहे. विद्या फुकट कोण देणार म्हणे. आपण ज्या कंपनीच्या नावावरून 'झेरॉक्स काढून आण' म्हणतो त्या झेरॉक्समधलीच गोष्ट सांगतो. १९८० च्या दशकात ज्युलियन ऑर नावाचा संशोधक, आधी स्वतः टेक्निशियन होता, तो मशीन दुरुस्त करणाऱ्यांबरोबर फिरला. त्याला दिसलं की मॅन्युअलमध्ये नसलेले बिघाड हे लोक एकमेकांना किस्से सांगून सोडवतात, चहा-नाश्त्याला बसून. साहेबांच्या भाषेत तो टाइमपास होता. नंतर एका प्रयोगात त्यांच्या हातात टू-वे रेडिओ दिले, आणि ते बरोबर मिरकरवाड्याच्या वायरलेससारखे चालले, एकाचं बोलणं बाकीचे ऐकत बसायचे आणि माहीत असलं तर मध्येच बोलायचे. पुढे ९० च्या दशकात 'युरेका' नावाची यंत्रणा आली, सुरुवात फ्रान्सात, टेक्निशियनने आपली युक्ती लिहायची, दुसऱ्या टेक्निशियननी ती तपासायची, मग सगळ्यांसाठी खुली. आता पैशाचा विषय निघाला तेव्हा टेक्निशियनना पैसे नकोच होते. युक्तीखाली आपलं नाव पाहिजे एवढंच म्हणाले.

नाव पाहिजे! मला हे वाचून भरून आलं होतं, खरंच सांगतो. आमच्याकडे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे, पंपाचं मेकॅनिकल सील (गळती थांबवणारा भाग) बदलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता आणि रिपोर्टवर सही मात्र कायम इंजिनियरची. रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी त्यांना मी कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर बसवलं, ते बोलले मी टाइप केलं, ११ पोस्ट झाल्या, प्रत्येकीखाली त्यांचं पूर्ण नाव. दादा रोज शिफ्ट संपली की येऊन विचारायचे, कुणी काय विचारलंय का रे. विद्या दडवून ठेवणारे असतात, मी पाहिलेत, पण जास्त करून दडवतात ते ज्यांचं श्रेय आधी कुणीतरी ढापलेलं असतं.

फेसबुकचं पटकन उरकतो. वर्कप्लेस नावाचं त्यांचं ॲप २०१६ ला आलं आणि ते बंद करणार असं मेटाने मे २०२४ मध्ये जाहीर केलं, हे खरं आहे. पण ती विकणाऱ्याची गोष्ट झाली. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये यॅमर नावाचं असंच ॲप १.२ अब्ज डॉलरला घेतलं, ते आज दुसऱ्या नावाने चालूच आहे, आणि सेल्सफोर्स कंपनीने स्लॅक या तसल्याच ॲपसाठी २०२१ मध्ये २७ अब्ज डॉलरच्या वर मोजले. बंदरावरच्या एका बर्फवाल्याने धंदा सोडला म्हणून दर्यात जायचं कुणी थांबवलंय का?

खरं तर फॉरवर्डवाल्याने एक सहावा मुद्दा लिहिला असता तर माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं, तो म्हणजे साहेब बघत असतात म्हणून कुणी खरं लिहीत नाही. हे होतं. आमच्याकडे झालंय. एका ऑपरेटरने रात्रपाळीत चुकीचा व्हॉल्व्ह उघडला, दोन मिनिटांत लक्षात आलं, बंद केला, काही झालं नाही, आणि त्या पोराने प्रामाणिकपणे ते चॅनेलवर टाकलं की दोन्ही व्हॉल्व्हचे टॅग (नंबरच्या पट्ट्या) सारखे दिसतात, दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये. तिसऱ्या दिवशी त्याला मेमो. त्यानंतर जवळजवळ दोन महिने चॅनेलवर फक्त सेफ्टी वीकचे फोटो आणि एचआरच्या सूचना. ॲप तेच, माणसं तीच, आणि एका कागदाने सगळं बंद.

ते परत सुरू झालं ते आमच्या नवीन शिफ्ट इनचार्जमुळे. ते आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी लिहिलं की दहा वर्षांपूर्वी मी स्वतः असाच चुकीचा व्हॉल्व्ह उघडला होता, आणि आत्ता राउंड मारताना मला अजून चार ठिकाणी सारखे टॅग दिसले, तुम्हाला कुठं दिसतात ते टाका. पहिले दोन दिवस कुणी काही टाकलं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री सव्वादोनला त्याच मेमोवाल्या पोराने तीन फोटो टाकले, आणि सकाळची पाळी यायच्या आत खाली आणखी नऊ ठिकाणं आली होती.