आधी रक्त तपासा, मग पोळी बंद करा

रविवारी भावाकडे राजवाडा बाजारातून पोहे-जिलबी आली होती. सगळे खात होते. डाउन सिंड्रोम असलेल्या माझ्या सहा वर्षांच्या भाच्यापुढे मात्र नुसते पोहे. जिलबीत मैदा, म्हणून नाही. वीस दिवसांपासून त्याची पोळी आणि दूधही बंद. वहिनीला आलेला मेसेज सांगतो: या मुलांना गहू आणि दूध विष आहे, सगळं वाटून पातळ करूनच भरवा, ही व्हिटॅमिनची पावडर सहा महिने द्या, बुद्धी वाढते आणि चेहराही बदलतो.

विष म्हणे! डाउन सिंड्रोम होतो तो २१व्या गुणसूत्राच्या जादा प्रतीमुळे. पोळी सोडून ती प्रत जात नाही. यात खरं असेल तर एवढंच: गव्हातलं ग्लुटेन आतड्याला न सोसण्याचा सीलिअ‍ॅक आजार या मुलांत जास्त आढळतो. पोट फुगत असेल, जुलाब किंवा बद्धकोष्ठ हटत नसेल, वाढ अडली असेल, तर टीटीजी ही रक्ततपासणी करायची. पण मूल गहू खात असतानाच! आधीच गहू सोडला की ही तपासणी ज्या शोधते त्या रक्तातल्या अँटिबॉडी (या आजारात शरीर तयार करतं ती प्रथिनं) उतरतात, रिपोर्ट साफ येतो आणि आजार असला तरी सापडत नाही. ज्या आजाराची भीती, तोच झाकून ठेवायचा हा सल्ला. मंगळवारी डॉक्टरांनी वहिनीला हेच सांगितलं. आजार निघाला तर गहू जन्मभर बंद, तोही काटेकोर. पण निघाला तर. आणि दूध सोसत असताना ते तोडून पोराचं कॅल्शियम कमी करण्यात काय मिळवलं?

पावडरीचं तर २००८ सालीच उत्तर मिळालं आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या चाचणीत डाउन सिंड्रोमची, सात महिन्यांखालची १५६ बाळं होती. काहींना अँटिऑक्सिडंट (व्हिटॅमिन आणि खनिजांचं मिश्रण), काहींना फोलेट या व्हिटॅमिनचं एक रूप असलेलं फोलिनिक अ‍ॅसिड, काहींना दोन्ही, काहींना नुसतं खोटं औषध. दीड वर्षाने पाहिलं तर बुद्धीच्या आणि बोलण्याच्या वाढीत फायदा दिसला नाही. चेहरा बदलण्याच्या गोष्टीला उत्तर द्यायचीही माझी इच्छा नाही.

पातळ भरवण्याचं म्हणाल, तर तोंडाचे स्नायू सैल असतात, दात उशिरा येतात, हे खरं. म्हणून काय चावायला शिकवायचंच नाही? आमचा भाचा घास गालात धरून ठेवायचा. पाय टेकतील असं ताठ बसवून, बोटाएवढा मऊ तुकडा बाजूने दाढेवर ठेवला की चावतो. वेळ लागतो, लागू दे. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा न्यूमोनिया पुन्हापुन्हा होत असेल, तर मात्र गिळण्याची तपासणी करून घ्या.

बुधवारपासून त्याच्या डब्यात पुन्हा पोळी आहे. काही आठवडे ती नीट खाल्ली की मग रक्त द्यायचं. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज वहिनीला पाठवला, त्यांनी त्याच ग्रुपवर हेही टाका.