कॉम्प्रेसर स्टार्ट घेत नाही

नागपुरात नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला आणि आमच्या एसीने मान टाकली. म्हणजे दिसायला सगळं ठीकठाक. रिमोटवर २४ चा आकडा, आतला पंखा सुरू, वारंही भरपूर. पण भर दुपारी वर्धा रोडवर तोंडावर येतं तसलं. बाहेरच्या युनिटमधून थोड्या थोड्या वेळाने 'ठक्' व्हायचं, मग 'हुंऽऽऽ', मग 'टिक्' आणि गप.

मामाजी, म्हणजे आमचे सासरे, वीजखात्यातून निवृत्त. त्यांनी लोडावरून न उठता निदान केलं, "व्होल्टेज." घरात दूध नासलं तरी त्यांना आधी व्होल्टेजचाच संशय येतो. तसं त्यांच्या म्हणण्यात तथ्य असतं. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर मोटरचा सुरुवातीचा जोर साठ टक्क्यांच्या आसपास येतो. पण आमचा स्टॅबिलायझर २२८ दाखवत होता. त्यावर मामाजींनी स्टॅबिलायझरही बिघडल्याचं जाहीर केलं.

आईचा वहीम पालीवर. शेजारच्या काकाजींचा सल्ला, "पाणी मारा बाप्पा युनिटवर." एका मेकॅनिकला फोन केला, तर त्याने पत्ता विचारायच्या आधीच सांगितलं, "गॅस गेला साहेब. अडीच हजार."

या 'गॅस गेला'चा मला भयंकर राग आहे. एसीतला गॅस बंद नळ्यांतून गोल गोल फिरतो. तो सिलिंडरसारखा वापरून संपत नाही, कुठे गळला तरच कमी होतो. आणि कमी झाला तरी आमच्यासारख्या साध्या, बिनइन्व्हर्टरच्या एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबून फिरवणारा पंप, सहसा फिरतो तरी. फक्त गारवा येत नाही. आमचा जागचा हलत नव्हता.

त्यात रिमोट. एकदा बंद केला की कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं थांबतो, नळ्यांतला दाब सारखा होईपर्यंत. घरातलं कोणीही तेवढी वाट बघायला तयार नव्हतं. दोन मिनिटं झाली की कोणीतरी "थांबा, मी पाहतो" म्हणत बंद-चालू करायचं, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी पहिली यंत्रणा आखली ती ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी, दमट हवेत कागद बिघडू नये म्हणून. कागद बरा, तो रिमोट मागत नाही.

शेवटी एक पोरगा आला. तो पहिला माणूस जो चर्चेत न बसता थेट गच्चीवर गेला. पत्रा असा तापलेला की त्याने रुमाल गुंडाळून झाकण उघडलं. आत तारांच्या गुंत्यात एक चांदीच्या रंगाचा डबा, माथा फुगलेला. बटण बंद, तरी त्याने स्क्रूड्रायव्हर आधी दोन टोकांवर टेकवला. चट्! ठिणगी. "करंट धरून ठेवते भाऊ हे," तो म्हणाला. डब्यावर त्याची क्षमता लिहिलेली, ५० एमएफडी, म्हणजे मायक्रोफॅरड. मीटर ११ वर अडकला.

कॅपेसिटर. मोटरला सुरुवातीचा धक्का तोच देतो. तो थकला की कॉम्प्रेसर न फिरता नुसता हुंकारतो, भरमसाट करंट ओढतो, तापतो, मग ओव्हरलोड, म्हणजे तापल्यावर वीज तोडणारा छोटा स्विच, त्याला बंद पाडतो. थंड झाला की पुन्हा तेच. 'ठक्, हुं, टिक्' ते हेच. उन्हातच हे डबे लवकर जातात, म्हणजे गरज असते नेमकं तेव्हाच.

नवा डबा बसला. 'ठक्'नंतरचा 'हुं' या वेळी थांबला नाही. खोलीत सगळे जमले.

"करंटचाच प्रॉब्लेम निघाला न? म्हणजे व्होल्टेजच," मामाजी म्हणाले.

"पाणी मारलं म्हणून थंड झाला," काकाजी.

आईने पोराला हळूच विचारलं, "आत पाल नव्हती ना रे?"

इतक्यात फोन वाजला. "साहेब, गॅस भरायला केव्हा येऊ?"

मी फोन मामाजींकडे दिला.