टुटूचा जन्म एका रात्रीत झाला नाही

गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला एकच फॉरवर्ड आलं. वर एका नर्तकीचा फोटो, ताटासारखा आडवा पसरलेला पांढरा स्कर्ट. खालचा मजकूर थोडक्यात असा: १२ मार्च १८३२ ला पॅरिसमध्ये मारी तालिओनी या नर्तकीने जगातला पहिला टुटू, म्हणजे बॅले नाचणाऱ्यांचा तो घेरदार स्कर्ट, घातला. पाय दिसले म्हणून हाहाकार उडाला. ट्यूल नावाच्या कापडावरून त्याला टुटू म्हणू लागले. तेव्हापासून बॅलेरिना तोच पोशाख घालतात. आणि त्या काळी आगीवर काही उपाय नसल्याने बिचाऱ्या कितीतरी मुली त्यात जळून गेल्या.

मी नाटकांच्या कपडेपटाचं काम करते. कापडाबद्दल कोणी ठोकून दिलं की मला राहवत नाही.

तारीख बरोबर आहे. त्या रात्री पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फिद' हे बॅले पहिल्यांदा झालं, नृत्यरचना तालिओनीच्या वडिलांची, फिलिप्पो तालिओनींची. पण तिच्या अंगावर फोटोतलं ते ताट नव्हतं. घट्ट चोळी, उघडे खांदे आणि त्याखाली तलम पांढऱ्या कापडाचे थरावर थर असलेला, घंटेसारखा उतरणारा, पोटरीच्या मध्यापर्यंतचा घेर. हेच 'पहिलं' म्हणायचं, तर चारच महिने आधी, नोव्हेंबर १८३१ मध्ये, त्याच रंगमंचावर 'रॉबेर ल दियाब्ल' या ऑपेरात कबरीतून उठणाऱ्या जोगिणींचं पांढऱ्या कपड्यांतलं नृत्य झालं होतं आणि त्यातही तालिओनीच पुढे होती. वर गॅसच्या दिव्यांचा चांदण्यासारखा उजेड. ऑपेरात गॅस आला १८२२ मध्ये. त्या उजेडात पांढरं झिरझिरीत कापड कसं तरंगतं, हे कपडे शिवणाऱ्यांच्या एव्हाना लक्षात आलं असणारच.

आता हाहाकार. १८३० च्या सुमाराची पॅरिसमधली फॅशनची चित्रं काढून बघा. साध्या घरंदाज बायकांचे झगेही घोट्याला टेकलेले किंवा घोट्याच्या वर होते. संध्याकाळच्या पोशाखाचे खांदे तर उघडेच असत. म्हणजे सिल्फिदचा पोशाख हा चालू फॅशनचाच एक हलका, पारदर्शक अवतार होता. तालिओनीची ख्याती होती ती सोज्वळपणाची. समीक्षक तेओफिल गोतिए तिला ख्रिस्ती नर्तकी म्हणायचा आणि तिची प्रतिस्पर्धी फॅनी एल्सलर हिला पेगन, म्हणजे ख्रिस्ती धर्माबाहेरची. पायांवरून कुजबुज झालीच असेल तर ती शंभर वर्षं आधी, मारी कामार्गो या नर्तकीच्या वेळी. हवेत उडी मारून पाय झपाझप एकमेकांवर आपटायची तिची करामत लोकांना दिसावी म्हणून तिने स्कर्ट वर घेतला होता. आणि तिची समकालीन मारी साले १७३४ मध्ये लंडनमध्ये आतून सांगाडा लावून फुगवलेला भरजरी पोशाख टाकून साध्या मलमलीत नाचली होती. तालिओनीच्या जन्माच्या सत्तर वर्षं आधीची ही गोष्ट.

नावाबद्दल फार लिहीत नाही. ट्यूल हे फ्रान्समधल्या ट्यूल गावावरून आलेलं कापडाचं नाव. पण टुटू हा शब्द त्यातून निघाल्याचा पुरावा नाही. कोशकार त्याची नोंद १८८१ च्या आसपासची देतात आणि त्याचं मूळ सांगतात 'क्यूक्यू', म्हणजे लहान मुलांशी बोलताना ढुंगणाला वापरायचा लाडाचा फ्रेंच शब्द. आधी तो आतल्या कपड्यासाठी होता, मग वरच्या स्कर्टला चिकटला. तालिओनीच्या पोशाखाला त्या रात्री कोणी टुटू म्हटलं असणं शक्यच नाही. शब्द यायला अजून पन्नास वर्षं होती.

योगायोग बघा, १८८१ मध्येच देगा या फ्रेंच चित्रकाराने 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी' हा आपला मेणाचा पुतळा पॅरिसच्या प्रदर्शनात मांडला आणि त्याला खऱ्या कापडाचा स्कर्ट घातला.

'तेव्हापासून तोच पोशाख' या वाक्याला काय म्हणावं! शतकभर तो स्कर्ट बोटबोट वर सरकत होता. देगाच्या १८७० च्या दशकातल्या चित्रांत तो गुडघ्याच्या आसपास आलेला दिसतो. मग मिलानमध्ये तयार झालेल्या इटालियन नर्तकी आल्या. त्यांचं तंत्र जास्त जोरकस, बोटांवरच्या गिरक्या जास्त. व्हर्जीनिया झुक्की १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेली तेव्हा तिचा स्कर्ट तिथल्या रिवाजापेक्षा आखूड होता. पिएरीना लेन्यानीने १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये त्या प्रसिद्ध बत्तीस गिरक्या घेतल्या. पाय लांब कपड्यात दडलेला असता तर त्या मोजल्या कुणी असत्या? तरीही तिचे फोटो पाहा, स्कर्ट खाली झुकलेला, फुगीर, गुडघ्याच्या जवळपास. फॉरवर्डमधलं तारेची कडी घातलेलं सपाट ताट ही विसाव्या शतकाची करामत आहे.

आणि कापड तरी कुठून आणणार होते? आपल्याकडे लेहंग्याखाली घालतात ते कॅनकॅन हातात घेऊन बघा. नायलॉनची ताठ जाळी, चुरगळून सोडली की परत उभी राहते, गॅदरिंगला पोरी टोचतं म्हणून रडतात तीच. एकोणिसाव्या शतकात नायलॉन नव्हतं. होती ती टार्लटन: खळ घातलेली विरविरीत सुती जाळी, पुस्तकाच्या पाठीला बाइंडर लावतात तिच्या जातीची. घाम लागला, हवा दमट झाली की मान टाकायची. धुतली की संपली.

हेच कापड पेटायचंही झटकन. सूत, आणि थराथरांत कोंडलेली हवा. फॉरवर्डमधला आगीचा भाग खोटा नाही. लंडनच्या ड्रुरी लेनमध्ये डिसेंबर १८४४ मध्ये क्लारा वेब्स्टर रंगमंचावरच पेटली आणि तीन दिवसांत गेली. १८६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका नाट्यगृहात रंगपटात लागलेल्या आगीत अनेक नर्तकी दगावल्या. खोटं आहे ते 'उपाय नव्हता' हे. कार्तरों नावाच्या फ्रेंच माणसाची एक पद्धत होती, तुरटीसारख्या क्षारांच्या पाण्यात कापड भिजवायचं. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये तसा शाही हुकूमही निघाला. अडचण अशी की भिजवलेलं कापड मळकट दिसायचं आणि कडक व्हायचं. ज्या तरंगण्यासाठी एवढा खटाटोप, तेच जायचं.

एम्मा लिव्री तालिओनीची शिष्या. 'ल पापियों' हे बॅले तालिओनीने १८६० मध्ये तिच्यासाठीच बसवलं. त्यात फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीवर होरपळतात. त्याच वर्षी लिव्रीने ऑपेराला लिहून दिलं की मी माझ्या नेहमीच्या स्कर्टमध्येच नाचणार, काही झालं तर जबाबदारी माझी. १५ नोव्हेंबर १८६२. तालीम चालू होती. आपल्या प्रवेशाची वाट पाहत बसताना घेर चुरगळू नये म्हणून तिने तो वर उचलून झटकला. शेजारीच गॅसचा दिवा होता. ती जळत रंगमंचभर धावली. आठ महिने तिने वेदना काढल्या आणि २६ जुलै १८६३ ला, एकविसावं पुरं व्हायच्या आत, ती गेली.

तिला 'बिचारी, उपायच नव्हता' म्हणून मोकळं होणं मला तरी जमत नाही. कडक स्कर्टात नाच मरतो हे तिला दिसत होतं आणि त्या दिव्यांची भीतीही तिला नक्की ठाऊक होती. तिने निवड केली. ती चुकली, असं आज म्हणता येईल. पण पडदा उघडायला पाच मिनिटं असताना कलाकाराला 'हे घाल, सुरक्षित आहे' म्हणून पटवायचा प्रयत्न एकदा करून बघा.

तिच्या त्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. पुढच्या वेळी फॉरवर्डला फोटो लावायचाच असेल, तर त्यांचा लावा.