रंगभवन गेलं आणि मुंबईचं रॉक बेघर झालं

रंगभवन बंद पडलं नसतं तर मुंबईच्या रॉकचं काय झालं असतं, यावर आमच्या वयाच्या लोकांत अजूनही हमरीतुमरी होते. एक गट म्हणतो, इंडीपॉप (म्हणजे सिनेमाबाहेरची हिंदी पॉप गाणी) आणि हिंदी सिनेमाने रॉक गिळलं. दुसरा म्हणतो, आपल्या पोरांना परक्यांचीच गाणी वाजवायची सवय लागली होती, ते टिकणार कसं? मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून काही वर्षं शो लावायचा उद्योग केला, पदरचे पैसेही घातले. माझं मत ठाम आहे. जागा गेली, म्हणून बाकीचं गेलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: रंगभवन म्हणजे धोबीतलावचं, मेट्रो सिनेमाजवळचं, झेवियर्स कॉलेजला खेटून असलेलं सरकारी खुलं नाट्यगृह. मरीन लाइन्स आणि व्हीटी, दोन्ही स्टेशनं चालत जाण्यासारखी. म्हणजे विरारचा पोरगाही यायचा आणि डोंबिवलीचाही, आणि रात्री घरी पोचायचा. तिथे मराठी नाटकं झाली, १९७८ मध्ये जॅझ यात्रा हा जॅझ संगीताचा महोत्सव सुरू झाला, आणि मार्च १९८० मध्ये चक्क ‘द पोलीस’ हा स्टिंगचा इंग्लिश रॉक बँड वाजवून गेला. स्टिंग वगैरे मंडळींना मुंबईत आणलं कोणी, तर टाइम अँड टॅलेंट्स क्लबच्या पारशी बायकांनी! मी तेव्हा शाळेत होतो, त्यामुळे माझ्या वाट्याला फक्त ऐकीव गोष्टी. पुढे १९८६ मध्ये फरहाद वाडियांनी इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा वार्षिक महोत्सव सुरू केला आणि रंगभवन म्हणजे रॉक हे समीकरणच झालं.

आमच्यासारख्या किरकोळ आयोजकांचा निम्मा जीव परवानग्यांत जायचा. पोलिसांचा परवाना, लाऊडस्पीकरचा परवाना, आणि सगळ्यात छळवादी म्हणजे करमणूक कर. तिकिटं छापायची, गठ्ठे घेऊन सरकारी कचेरीत जायचं, शिक्के मारून आणायचे, आणि शोनंतर न खपलेल्या तिकिटांचा हिशेब द्यायचा. एकदा अर्जावर ‘कार्यक्रमाचा प्रकार’ या रकान्यात मी ‘रॉक कॉन्सर्ट’ लिहिलं. टेबलामागच्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

“हे काय असतं?”
“बँड असतो साहेब. गिटार, ड्रम, गाणारा.”
“नाच आहे?”
“नाही. पब्लिक उड्या मारतं, तेवढंच.”
“मग ऑर्केस्ट्रा लिहा ना!”

लिहिलं. त्यानंतर मी लावलेला प्रत्येक हेवी मेटलचा शो सरकारदरबारी ऑर्केस्ट्राच होता.

साऊंडवालेही ऑर्केस्ट्रा आणि गणपतीतलेच. माणसं कामाची पक्की, पण त्यांना गाणाऱ्याचा आवाज सगळ्यांच्या वर हवा असायचा. गिटारवाला म्हणणार माझा आवाज वाढवा, साऊंडवाला म्हणणार शब्द कळायला नकोत का? आयात शुल्कामुळे परदेशी गिटार म्हणजे चैन. बहुतेकांच्या गळ्यात कलकत्त्याची गिव्हसन. तारा तुटल्या तर कोणाचा तरी मामा आखातातून येईपर्यंत थांबायचं. बेस गिटारच्या तारा महाग म्हणून पोरं जुन्याच काढून पातेल्यात उकळायची. मळ निघाला की आवाज पुन्हा खणखणीत, निदान एका शोपुरता. एका बेसवाल्याच्या आईने ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात घेतलं नाही.

आता ‘परक्यांची गाणी’ या आरोपाबद्दल. आरोप खरा आहे, पण तो पब्लिकवरही करा. ओळखीचं गाणं वाजलं नाही की हुर्यो ठरलेली. त्या पब्लिकसमोर स्वतःची गाणी वाजवायला छाती लागायची. रॉक मशीन या मुंबईच्या बँडने ती दाखवली. १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या गाण्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला, पुढे १९९३ मध्ये इंडस क्रीड हे नाव घेतलं. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर गिटारवर. आमच्या गिरगाव-दादरच्या पोरांना तिनईकर हे आडनाव पोस्टरवर बघूनच हुरूप यायचा, ते खोटं कशाला सांगू. असं धाडस वर्षातून एकदा महोत्सवात वाजवून येत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच पब्लिकसमोर उभं राहावं लागतं, आपटावं लागतं, परत यावं लागतं. रंगभवन त्यासाठी होतं.

मग २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. इस्पितळं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांपासून १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र. रंगभवनच्या शेजारी कामा आणि जीटी इस्पितळं, भिंतीला भिंत लावून कॉलेज. सुटका नव्हतीच. रुग्णांना झोप मिळायला हवी, यावर माझा वाद नाही. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. एक जागा बंद करताना शहराने तेवढीच, तशीच दुसरी का दिली नाही? इंडिपेंडन्स रॉक अंधेरीच्या मैदानांवर गेलं. मैदान म्हणजे स्टेज, जनरेटर, पत्रे, संडास, सगळं शून्यातून उभं करायचं. एवढा खर्च प्रायोजकाशिवाय झेपत नाही, आणि प्रायोजक नवख्या बँडवर पैसे लावत नाही. माझ्याच एका शोच्या आठवडाभर आधी एका कंपनीने हात वर केले. मी बायकोच्या बांगड्यांपर्यंत गेलो नाही एवढंच, पण स्कूटर विकली.

मधल्या काळात रंगभवनच्या जागी मराठी भाषा भवन बांधायचं सरकारच्या मनात होतं. तेही तिथे झालं नाही, २०२२ च्या गुढीपाडव्याला भूमिपूजन झालं ते चर्नी रोडला. भाषा भवन हवंच, पण मग रिकाम्या रंगभवनचं काय, हे कोणीतरी विचारायला नको?

आज नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेसारखा परदेशी बँड येतो, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोलापलूझा हा मोठा संगीत महोत्सव होतो. छान आहे, मीही जाऊन आलो. पण नालासोपाऱ्याच्या चार पोरांनी स्वतःची आठ गाणी बसवली, तर ती हजार-दीड हजार लोकांसमोर, परवडणाऱ्या भाड्यात, स्टेशनजवळ कुठे वाजवायची? पब सांगू नका. तिथे दारात वय विचारतात आणि आत जेवणाऱ्यांना आवाज कमी हवा असतो. महापालिकेची नाट्यगृहं सांगणार असाल तर आधी तिथे ड्रमकिट घेऊन जा, व्यवस्थापक काय म्हणतात ते ऐका आणि मग खाली प्रतिक्रिया लिहा.