रायडर भावांनो, इन्कम टॅक्स रिटर्नमधे खरी कमाई लिहा

माझ्यासोबत डिलिव्हरी करणाऱ्या एका मित्राला नवीन स्कूटरसाठी लोन हवं होतं. बँकेने रिटर्नची कॉपी मागितली, याने दिली, आणि साहेबांनी विचारलं की वर्षाचं उत्पन्न १९ हजार असताना हप्ता कुठून भरणार? तो रोज बारा तास गाडी चालवतो हो. घरी येऊन आम्ही दोघांनी तो रिटर्न उघडून बघितला तेव्हा कळलं की एजंटने पाचशे रुपये घेऊन काय केलंय.

झालं असं की आपण पगारदार नाही, कंपनीच्या हिशोबात आपण कंत्राटदार, म्हणून पगारवाल्यांना मिळणारी ७५ हजारांची सूट आपल्याला नाही. आपला हा धंदा धरला जातो आणि छोट्या धंद्यासाठी इन्कम टॅक्स कायद्यात कलम ४४एडी म्हणून एक सोय आहे, वह्या-बिलं ठेवायची गरज नाही, बँकेतून आलेल्या रकमेच्या निदान ६ टक्के नफा दाखवायचा (रोख असेल तर ८). आता यातला "निदान" हा शब्द सगळे एजंट गिळून टाकतात. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. मित्राचे वर्षाचे ३ लाख २४ हजार आले होते, एजंटने डोळे झाकून ६ टक्के काढले, १९,४४० लिहिले आणि मोकळा झाला.

मग आम्ही खरा हिशोब मांडला. पेट्रोल रोजचं अडीचशे धरलं तरी तीनशे दिवसांचे ७५ हजार. सर्व्हिसिंग, ऑइल, टायर, ब्रेक मिळून १४ हजार, मोबाईल रिचार्ज ४ हजार, गाडीचा इन्शुरन्स २ हजार. झाले ९५ हजार. म्हणजे हातात राहिले २ लाख २९ हजार. ही त्याची खरी कमाई, ना सव्वातीन लाख ना १९ हजार.

आणि यावर टॅक्स किती? शून्य! आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी टॅक्सच्या नवीन पद्धतीत ४ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, आणि त्याच्या वर गेलात तरी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट (टॅक्समधे माफी) मिळून तो शून्यच होतो. मग कमाई लपवून वाचवलं काय? एक रुपया नाही, उलट लोन गेलं. मला याचा खरंच राग येतो, कारण आपल्या माणसाचं वर्षभराचं उन्हापावसातलं काम त्या कागदावर १९ हजारांचं झालं.

आता कापलेल्या पैशांचं. पेआउटमधून, म्हणजे कंपनी आपल्याला देते त्या पैशांतून, १ टक्का टीडीएस (आधीच कापलेला टॅक्स) जातो आणि तो पेट्रोल वजा करून नाही, पूर्ण रकमेवर जातो, मित्राचे ३,२४० गेले होते. ते आपलेच पैसे आहेत पण रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. पॅन दिलेलं नसेल तर २० टक्के कापतात, ते आधी चेक करा. इन्कम टॅक्सच्या साइटवर फॉर्म २६एएस उघडा, तिथे किती कापलं ते दिसतं आणि कुठल्या कलमाखाली कापलं तेही. १९४सी म्हणजे कंत्राट. १९४एच असेल तर ते कमिशन, आणि कमिशनला ४४एडी चालत नाही, मग मात्र जाणकार माणसालाच दाखवा. बँक खातं त्याच साइटवर व्हॅलिडेट (पडताळणी) केलेलं पाहिजे, नाहीतर रिफंड अडकतो.

अजून एक गोष्ट, कॅश ऑर्डरचे पैसे आपण गोळा करून भरतो, ते आपलं उत्पन्न नाही, म्हणून बँकेत आलेली सगळी बेरीज धरू नका, ॲपमधलं पेआउट स्टेटमेंट काढा. इन्सेंटिव्ह आणि टिप मात्र धरायची.

माझं म्हणणं आहे की कंपन्यांनीच मार्च संपला की प्रत्येक रायडरला मराठीत एक पान पाठवावं, एवढे दिले, एवढे कापले, असे परत मिळतात. आमच्याकडून मिनिटामिनिटाचा हिशोब घेता, मग एवढं जमायला काय हरकत आहे?

तोपर्यंत आमच्या घरी बायकोने डायरी केलीये, रात्री मी गाडी लावली की ती विचारते आज पेट्रोल कितीचं, आणि लिहून ठेवते. ज्यांना २६एएस उघडता येत नाहीये त्यांनी रविवारी दुपारी चारनंतर, ऑर्डर कमी असतात तेव्हा, टपरीवर या. पॅन आणि आधारला लिंक असलेला मोबाईल आणा, बसून काढू.